पगार किती, कायम की तात्पुरता?

सांगली, रविवार, ता. १६ एप्रिल १९७८

तीर्थस्वरूप अण्णामामा आणि सौ. मामी यांच्या चरणी गोपाळकृष्णाचा साष्टांग नमस्कार.

मामा, तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? वाईहून आईचं पत्र आलं, त्यात तुम्ही रोज अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत फिरून येता असं वाचलं आणि काळजी वाटली. (काळजी चालण्याची नव्हे. वाटेत भेटेल त्याला तुम्ही उभ्याउभ्या पेन्शनीतला महागाई भत्ता समजावून सांगता, त्यात गुडघा जातो, असं मामींचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.) मामींच्या कैऱ्या आल्या असतीलच. लोणचं मुरलं की माझी बरणी वेगळी काढून ठेवावी, ही विनंती. मी इथे खुशाल आहे. खुशाल कसला, मी इतका आनंदात आहे की परवा एसटीच्या कंडक्टरने सुटे नाहीत म्हणून सांगितलं तरी मी त्याच्याशी हसून बोललो.

दीड महिना पत्र नाही म्हणजे भाचा रागावला, असं तुम्हाला वाटलं असेल. मुळीच नाही. कऱ्हाडची मंडळी माझी चौकशी करायला तुमच्याकडे आली तेव्हा तुम्ही त्यांना, ‘मुलगा गुणी आहे, पण नोकरी तात्पुरती, तीन वेळा मुदत वाढली, चौथ्यांदा वाढेल याची मी हमी देत नाही,’ असं सांगितलंत आणि ती मंडळी चहा न घेता उठली, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. मिरजेच्या स्थळाला तर तुम्ही माझ्या नेमणुकीचा हुकूमच चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखवलात. बत्तीस वर्षं ट्रेझरीत काढलेल्या माणसाने दुसरं काय करावं? माझं वय तिशीला टेकलं आहे आणि आईने माझ्यासाठी सोमवार धरले आहेत, एवढंच फक्त आपलं सांगितलं. आता मुख्य हकिकतीकडे येतो.

मामा, काय सांगू तुम्हाला, सगळ्या मुलखात सध्या पगाराशिवाय दुसरा विषय नाही! गेल्या थंडीत सरकारी नोकरांचा तो लांबलचक संप झाला तेव्हापासून ज्याला त्याला वाढ हवी आहे. ज्यांना कधी पगारच नव्हता त्यांनाही वाढ हवी आहे. वाईला घाटावर आमच्या शेजारच्या भटजींनी सत्यनारायणाच्या दक्षिणेवर महागाई भत्ता मागितला. (यजमानाने तो दिला आणि प्रसादात बेदाणे कमी घातले.) लग्नाचे वाजंत्री, मंगल कार्यालयातले आचारी, परीट, सगळे बोलतात ते मूळ पगार आणि भत्ता याच भाषेत. अशा वेळी आमच्या खात्याच्या मनात आलं की राज्यातल्या सेवा क्षेत्रात वेतन कुठल्या दिशेने चाललं आहे ते एकदा बघावं, आणि सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत बघायला मला पाठवलं. सेवा क्षेत्र म्हणजे काय, असं मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, जो माणूस काही पिकवत नाही, काही बनवत नाही आणि तरीही ज्याच्यावाचून आपलं अडतं, तो सेवा क्षेत्रात. (मग आपण कुठे, हे मी विचारलं नाही.)

सांगलीत मुक्काम ठेवून मी गावं करतो आहे. गावभागात नरहरपंत म्हणून नगरपालिकेच्या शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर आहेत, त्यांच्याकडे मागची खोली मिळाली. माणूस फार सज्जन. (त्यांची मुलगी अनसूया टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर आहे. माहिती म्हणून सांगितलं, दुसरं काही नाही.) तक्त्यातले प्रश्न सोपे आहेत. नाव, वय, शिक्षण, विवाहित की अविवाहित, पगार किती, कायम की तात्पुरता, वरची मिळकत, घरात खाणारी तोंडं, जमीनजुमला. यात कुणाला राग येण्यासारखं किंवा गैरसमज होण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. मलाही तसंच वाटलं होतं.

सुरुवात विट्याला केली. अर्धं विटा सोनं गाळायला परमुलखात गेलेलं, त्यामुळे उरलेल्यांची दाढी करायला स्टँडजवळ कोंडीबाचं एकच बरं दुकान आहे असं कळलं. मी विचार केला, दाढीही होईल आणि माहितीही मिळेल. उजवा गाल झाला, डाव्या गालाला साबण लागला, तेव्हा मी सहज म्हणालो, कोंडीबा, महिन्याला दुकान किती देतं हो? त्याचा हात थांबला. वस्तरा माझ्या गळ्यापाशी होता, त्यामुळे मीही थांबलो. मी पिशवीतून तक्ता काढला मात्र, कोंडीबाला मी व्यवसाय कराचा माणूस वाटलो. ‘सायेब, कसलं दुकान आन् कसलं काय! मेव्हण्याचं हाय, मी आपला बसतो,’ म्हणून त्याने वस्तरा मिटला, माझ्या गळ्यातलं फडकं काढलं आणि दुकानाच्या फळ्या लावून तो चालता झाला. बाकावर नंबर लावून बसलेली तीन माणसं माझ्याकडे अशी काही बघत होती की मी अर्धा साबण पुसून सरळ एसटी गाठली. (कोंडीबाच्या रकान्यात मी ‘निरंक’ लिहिलं. सरकारच्या लेखी विट्याचे न्हावी उपाशी आहेत.)

एसटी जिथे उतरवते तिथून पुढचं गाव कोसभर. त्या गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी जोतीराम, त्याचा पगार मला हवा होता. जोतीराम वसुलीला बाहेर गेलेला, म्हणून मी त्याच्या घरी गेलो. ओसरीवर त्याचे वडील तात्याबा बसले होते. चांगला ऊसवाला शेतकरी, धाकटा भाऊ पलटणीत, बोलणं खणखणीत. मी नमस्कार करून म्हणालो, तुमच्या जोतीरामची जरा माहिती हवी होती. पगार किती आहे त्यांना? तात्याबांनी माझ्याकडे नीट बघितलं. एक गाल गुळगुळीत, एका गालावर चार दिवसांचं जंगल, हातात पिशवी, पायात वहाणा. मग त्यांनी आत हाक मारली, ‘आगं, पावनं आल्यात. घोंगडं नगं, जाजम आन.’

जाजमावर बसवलं की माणसाने ओळखायला हवं होतं, मामा. पण मी तेव्हा खात्याच्या कामात बुडालेलो. वय विचारलं, सव्वीस. शिक्षण, मॅट्रिक. विवाहित? ‘छ्या, छ्या! अजून कुटं शब्द न्हाई दिल्याला,’ असं तात्याबा घाईने म्हणाले. मला उत्तर जरा लांब वाटलं, मी ‘अविवाहित’ लिहिलं. पगार? ‘साडेचारशे हाय बगा. आन् वरनं चेरमन लय मानतो.’ कायम? ‘म्हंजी काय, मरंस्तोवर कायम.’ वरच्या मिळकतीला त्यांनी दोन म्हशी आणि विहीर सांगितली आणि विहीर दाखवायलाही नेलं. परत येतो तो ओसरी भरलेली. पोहे आले, पोह्यांवर खोबरं, नंतर तूपसाखर घातलेल्या शेवया. दाराआडून बायका बघत होत्या, त्यातल्या एकीने माझा गाल बघून, ‘नवस असंल,’ असं दुसरीला समजावलं.

मग जोतीरामच्या आई साळूबाई पदर सावरून पुढे आल्या आणि म्हणाल्या, ‘आमचं समदं इचारलंसा, आता तुमचं सांगा. पोरगी कितवी झालीया?’ मला वाटलं माझ्या संसाराची चौकशी करताहेत. मी म्हणालो, अहो, माझं अजून लग्नच झालेलं नाही. साळूबाईंनी तात्याबांकडे बघितलं, तात्याबांनी शेवयांच्या वाटीकडे. ‘मग पोरगी कुनाची?’ आता माझ्या डोक्यात उजेड पडला, पण तोंडात शेवया होत्या. मी घाईघाईने म्हणालो, नाही हो, मी सरकारकडून आलोय! तात्याबा मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘बगा, म्हंजी काय म्हनावं! परवापतोर नसबंदीला वढत हुतं, आता त्येच सरकार सोयरिकी जुळवाय लागलं!’ आणि सगळी ओसरी खूश झाली. एक म्हातारे तर, आपल्या नातवाचं नाव टिपून घ्या, असं सांगत माझ्या गुडघ्याशी येऊन बसले. त्यांना मी अर्धा तास वेतनाचा कल समजावला. (तुमची आठवण झाली. गुडघ्याचीही.) शेवटी तात्याबा म्हणाले, ‘आवं, पगार कोन इचारतं? पोरीचा बाप इचारतो. दुसऱ्या कुनाला काय करायचंय?’ यावर आमच्या खात्यात कुणाकडेही उत्तर नाही. पाहुणा म्हणून मला दिलेला नारळ आणि टॉवेल मात्र त्यांनी परत घेतला नाही. तो टॉवेल मी सध्या वापरतो आहे.

पण गंमत पुढेच आहे. परतताना सोसायटीच्या कचेरीत खुद्द जोतीराम भेटला. मी त्यालाच पगार विचारला. त्याने उठून दार लोटलं आणि हळूच म्हणाला, ‘सायेब, पाया पडतो, दीडशाच्या वर लिवू नगा. साळंतल्या धाकट्या भावाची फीमाफी हाय.’ घ्या! एकच माणूस, एकच नोकरी, आणि घरच्या जाजमावर साडेचारशे, कचेरीच्या खुर्चीवर दीडशे. नंतर मी जिथे जिथे गेलो तिथे हेच. घरात लग्नाचा मुलगा असला की पगार चढतो, शाळेतला मुलगा असला की उतरतो. माणदेशात एका घरी तर दोन्ही मुलगे एकदम होते, तिथे बाप आणि आई यांचं माझ्यादेखतच जुंपलं. आई म्हणत होती वाढवून सांगा, बाप म्हणत होता कमी करून. मी मधला आकडा लिहून पाणी पिऊन निघालो.

मामा, मी इतका भारावून गेलो की रात्रभर बसून एक योजना काढली. लग्नाळू मुलाच्या घरचा पगार तिसऱ्या हिश्शाने उतरवायचा, फीमाफीच्या घरचा दुप्पट करायचा, की खरं वेतन आपोआप हाती येतं! एवढा मोठा शोध पत्राने कळवणं मला बरं वाटेना. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगलीच्या टेलिफोन ऑफिसातून पुण्याला साहेबांना ट्रंक कॉल लावला. (सकाळी अशासाठी की अनसूयाबाईंची पाळी दुपारची असते. उगाच ओळखीच्या माणसाने आपलं बोलणं ऐकावं, हे बरं नाही.) साहेबांनी माझी सगळी योजना ऐकून घेतली आणि म्हणाले, ‘तुम्हाला आकडे आणायला नेमलंय, बदलायला नाही. दोनशे नव्वद रुपयांत एवढी अक्कल सरकारला नको आहे.’ तोवर तीन मिनिटं झाल्याचं ऑपरेटरने सांगितलं. मी आणखी तीन मिनिटं घेतली आणि विषय निघालाच आहे म्हणून, माझ्या कायम होण्याचं काय, असं विचारलं. जरा काकुळतीला येऊन विचारलं, तुमच्यापासून काय लपवायचं. साहेब म्हणाले, ‘जूनअखेर मुदत आहे. पुढचं पुढे.’ आणि फोन ठेवला.

असो. सांगायचा मुद्दा, मामा, की लोक फार खोटं बोलतात. पगार ही काय लपवायची किंवा फुगवायची गोष्ट आहे? जे मिळतं ते मिळतं. तुमच्यासारखी खरं ते खरं म्हणणारी माणसं प्रत्येक तालुक्याला एक असती, तर आमच्या खात्याचं काम एका आठवड्यात झालं असतं. मी तुमच्या हाताखाली वाढलो याचा मला या दीड महिन्यात जितका अभिमान वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता. मामींना माझा नमस्कार, गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधावा, आणि आशीर्वादाचा हात असाच डोक्यावर असू द्यावा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
गोपाळकृष्ण

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. नरहरपंत येत्या गुरुवारी साताऱ्याला येणार आहेत आणि तुमच्याकडे डोकावतील. त्याचं असं झालं की पहिल्याच दिवशी, हात बसावा म्हणून, मी तक्त्यातले प्रश्न नरहरपंतांना विचारले. मिळवतं कोण, पगार किती, कायम की तात्पुरता. ते म्हणाले, मुलगी मिळवते, तीनशे दहा, कायम. (केंद्राची नोकरी आमच्या तक्त्यात बसत नाही, म्हणून मी ते लिहिलं नाही.) मग त्यांनी तितक्याच सहजपणे मला विचारलं, आणि आपला? तात्याबांच्या आधीची गोष्ट आहे ही, मला बिचाऱ्याला त्या प्रश्नाचा अर्थ तेव्हा कुठे ठाऊक! पण त्याच वेळी अनसूया कामावरून आली, चपला काढता काढता तिने माझ्याकडे एकदा बघितलं, आणि माझ्या तोंडून ‘चारशे, कायम’ असं निघून गेलं. तेव्हा गुरुवारी पंत विचारतील तेव्हा आपण एवढंच सांगावं. चारशे आणि कायम. दोनच शब्द आहेत. मामा, मला ही मुलगी फार आवडली आहे. ती हसते तेव्हा आधी मान खाली घालते आणि मग हसते. कऱ्हाड गेलं, मिरज गेली, त्याचं मला काही वाटलं नाही, पण हे गेलं तर मला फार वाईट वाटेल.

दुसरा ता. क. तुम्हाला खोटं बोलवणार नाही हे मला माहीत आहे. तेव्हा तुम्ही त्या वेळी मौन धरलं तरी चालेल. चहा मामींनीच द्यावा आणि बोलणंही त्यांनीच करावं.

तिसरा ता. क. मामा, वरचं सगळं रद्द! मी पाकिटाला डिंक लावत होतो, तेवढ्यात अनसूया दारात आली. टपाल टाकायचं असलं तर द्या, मी कामावर जाताना पेटीत टाकते, म्हणाली. मी पाकीट पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. म्हणाली, ‘बाबांना चारशे सांगितलंत. मामांनाही तेच सांगायला लिहिलंय का?’ मी पाकीट मागे घेतलं. ती म्हणाली, ‘तुम्ही ट्रंक कॉल लावलात त्या आठवड्यात माझी पाळी बदलली होती. पुण्याची लाइन मीच जोडली. लाइन नीट लागली का, ते ऐकावंच लागतं आम्हाला.’ मामा, दोनशे नव्वद तिला माहीत आहेत. जूनअखेर माहीत आहे. माझी काकुळतसुद्धा तिने ऐकली आहे! मी म्हणालो, मग तुम्ही वडिलांना सांगितलं का नाही? तर मान खाली घालून (बघा!) म्हणाली, ‘कारण मला तीनशे दहा नाही मिळत. चारशे वीस मिळतात. मुलापेक्षा मुलीला जास्त, म्हणून तीन स्थळं उठून गेली. तेव्हापासून बाबा कमी सांगतात.’

मग आम्ही दोघं हसायलाच लागलो. खोलीच्या उंबऱ्यावर बसून तिने बोटांवर हिशेब केला. माझे सांगितलेले चारशे, तिचे सांगितलेले तीनशे दहा, मिळून सातशे दहा. माझे खरे दोनशे नव्वद, तिचे खरे चारशे वीस, मिळून सातशे दहा. मामा, दोन्ही बाजूंनी एवढी थापाथापी झाली आणि बेरीज रुपयाने चुकली नाही! सरकारची आकडेवारी इतकी वर्षं कशी चालली आहे, ते मला आज समजलं.

मी वरचं खोडायला लागलो होतो. ती म्हणाली, खोडू नका, मामांना सगळं कळू दे. तेव्हा तुम्ही गुरुवारी पंतांना खरं तेच सांगा. दोनशे नव्वद सांगा, तात्पुरता सांगा, जूनअखेर सांगा, वाटलं तर हुकूमही वाचून दाखवा. ती म्हणते, बाबा उठायला लागले तर मी त्यांना बसवीन, म्हणून ती स्वतः रजा काढून त्यांच्याबरोबर येते आहे. तिचे चारशे वीस तुम्ही मात्र तिलाच विचारा, आणि ऐकल्यावर, मामा, तुमच्या पाया पडतो, मामींकडे बघून एकदा ‘अरे वा!’ म्हणा. आणि ह्या खेपेला चहा आधी द्या.